विंचवाचें बिऱ्हाड आणि गांवाची परीक्षा

नोकरीचे दिवस संपत आले, मुलें आपापल्या वाटेला लागलीं, म्हणजे अमेरिकेंतील अनेक जोडप्यांच्या मनांत एक बेत घर करूं लागतो. राहतें मोठें घर विकावें, 'मोटरहोम' म्हणजे चाकांवरचें घर घ्यावें, नकाशावर दहा-बारा गांवांना खुणा कराव्या, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन-तीन दिवस मुक्काम करून यांपैकीं कोणतें गांव उरलेलें आयुष्य काढण्यास योग्य आहे याची पारख करीत हिंडावें. १९६५ च्या कायद्यानें त्या देशाचें दार उघडल्यानंतर जे मराठी एंजिनिअर व डॉक्टर तिकडे गेले, त्यांच्याही पुढें आतां हाच प्रश्न उभा आहे. म्हणून या बेताचा विचार आपल्या भाषेंत होणें अगदींच अप्रस्तुत नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रवासासाठीं हें साधन कितीही सुखाचें असो, गांवाची परीक्षा करण्यास याहून वाईट साधन सांपडणें कठीण आहे.

या गाडीचा मुख्य गुण तरी कोणता? आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी या लहान गांवीं विनेबेगो कारखान्यानें १९६६ पासून अशा गाड्या काढावयास आरंभ केला, आणि सामान्य मिळकतीच्या कुटुंबालाही फिरतें घर घेणें शक्य झालें. तिच्यांत पाण्याची टांकी असते, सांडपाण्याची निराळी टांकी असते, विजेसाठीं बॅटरी व जनरेटर असतो. चूल, बिछाना, न्हाणी सर्व कांहीं असतें. थोडक्यांत, जेथें उभी राहील त्या गांवापासून तिला कांहींच घ्यावें लागत नाहीं, हाच तिचा गुण. पण गांवांत राहावयाचें म्हणजे नेमकें याच गोष्टी गांवापासून घ्यावयाच्या! पाणी, वीज, वैद्य, शेजार यांचीच परीक्षा करावयाची. आणि ज्या गाडींतून ती करावयास निघावयाचें, तिनें या चारही गोष्टींशीं गांठच पडूं द्यावयाची नाहीं. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें. म्हणूनच कोणता दगड राहण्यास चांगला हें विंचवाला विचारण्यांत अर्थ नसतो.

यावर कोणी म्हणतील, शितावरून भाताची परीक्षा होते. तीन दिवसांत गांवाचा स्वभाव कळत नाहीं असें थोडेंच आहे? शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यांतलें असावें लागतें. घरून आणलेला भात खाऊन दुसऱ्याच्या चुलीवरचा भात शिजला कीं नाहीं हें सांगणारा पारखी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. शिवाय ही गाडी उभी कोठें राहते? पुष्कळ गांवांच्या नियमांप्रमाणें तिला राहत्या वस्तींत रात्रीं थांबतां येत नाहीं. म्हणून ती गांवाबाहेरच्या तळावर जाते. तेथें शेजारी कोण, तर कालच आलेला व उद्यां जाणारा दुसरा प्रवासी. त्याच्याशीं गप्पा मारून गांवाविषयीं मत बनवावयाचें, म्हणजे धर्मशाळेंत बसून गांवकीची माहिती काढण्यासारखें आहे.

उदाहरणें पाहूं. अ‍ॅरिझोना संस्थानांत स्कॉट्सडेल शहराशेजारीं रिओ व्हर्डे फूटहिल्स नांवाची वस्ती आहे. मोकळी जागा, डोंगरांचा देखावा, चांगलीं घरें. पण अनेक घरांना स्वतःची विहीर नाहीं, पाणी टँकरनें येणार. तें पाणी स्कॉट्सडेल शहराकडून मिळत असे. १ जानेवारी २०२३ रोजीं शहरानें तें देणें बंद केलें, आणि लाखों डॉलरांच्या घरांत राहणाऱ्या लोकांवर पावसाचें पाणी सांठविण्याची पाळी आली. स्वतःची टांकी भरून आलेल्या प्रवाशाला 'या घरांत पाणी कोणाच्या मर्जीनें येतें?' हा प्रश्न सुचण्याचें कारणच काय?

उत्तर कॅरोलायनांतील अ‍ॅशव्हिल हें डोंगरांतलें रमणीय शहर पाहा. समुद्रापासून दूर, हवा थंड, म्हणून वादळांच्या भीतीनें किनारा सोडणाऱ्यांना तें आश्रयस्थान वाटे. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस 'हेलीन' वादळाचा पाऊस तेथें कोसळला. नळाचें पाणी पुन्हां पिण्यालायक झाल्याचें जाहीर होण्यास १८ नोव्हेंबर उजाडला. कॅलिफोर्नियांतील पॅरडाइझ तर नांवानेंच स्वर्ग! पाइन वृक्षांनीं वेढलेलें, पेन्शनरांना परवडणारें. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं वणवा आला. बाहेर पडण्याचे रस्ते थोडे, ते गाड्यांनीं तुंबले. त्या वणव्यांत ८५ माणसें गेलीं, आणि त्यांत बहुतेक म्हातारीं होतीं. झाडांची सांवली प्रवाशाला दिसते, पण तीं झाडें पेटल्यावर पळावयाचें कोणत्या वाटेनें हें तो विचारीत नाहीं. कारण त्याचें घर कधींही चालूं लागण्यास तयारच असतें.

ऋतूची गोष्ट तर आणखी ठळक आहे. हीं कुटुंबें अ‍ॅरिझोनांत जातात तीं हिंवाळ्यांत. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटांत तेव्हां गाड्यांची जत्रा भरते, ऊन कोवळें असतें, आणि 'येथेंच राहावें' असें कोणालाही वाटावें. त्याच संस्थानाच्या फीनिक्स शहरांत २०२३ च्या उन्हाळ्यांत सलग ३१ दिवस उष्णतामान ११० अंश फॅरनहाइटला पोंचत होतें किंवा त्याच्याही वर जात होतें. प्रवासी चांगल्या ऋतूच्या मागें जातो. राहणाऱ्याला बारा महिने भोगावे लागतात.

परंतु या सर्वांहून मोठा दोष निराळाच आहे. ही पाहणी गाडी हांकणारीं माणसें करतात, आणि त्या गांवांत शेवटीं राहणार आहेत तीं गाडी हांकूं न शकणारीं माणसें. पासष्टाव्या वर्षीं बाजार वीस मैलांवर आहे हें कौतुकानें सांगतां येतें. ऐंशीव्या वर्षीं दृष्टि मंदावली, दोघांतलें एक गेलें, म्हणजे तेच वीस मैल तुरुंगाच्या भिंतीसारखे होतात. रुग्णालयाचेंही तेंच. अमेरिकेंत २०१० पासून शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालयें एक तर बंद पडलीं किंवा तेथें रुग्णांना ठेवून घेणें थांबलें. फलक पाहून पुढें गेलेल्या माणसाला तेथला डॉक्टर नवा रोगी घेतो कीं नाहीं, हें कसें कळावें? आयुष्याची सारी पुंजी एका घरांत घालून झाल्यावर तें कळलें, तर त्या कळण्याचा उपयोग काय?

आक्षेपक विचारतील, मग काय हॉटेलांत उतरावें? तेंही कृत्रिमच. आम्हांसही तें मान्य आहे. जॉन स्टाइनबेक १९६० सालीं ट्रकवर खोली बसवून आणि चार्ली नांवाचा कुत्रा सोबत घेऊन देशभर हिंडला, व १९६२ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. पण त्याला देश पाहावयाचा होता, नवें गांव करावयाचें नव्हतें. ज्यांना गांव करावयाचें आहे त्यांनीं दहा गांवें न पाहतां दोनच पाहावीं, आणि प्रत्येकांत सर्वांत वाईट महिन्यांत भाड्याची खोली घेऊन महिनाभर राहावें. निदान एक आठवडा गाडीला हात लावूं नये; बाजार, वाचनालय, दवाखाना येथें पायीं किंवा मिळेल त्या वाहनानें जाऊन पाहावें. पाण्याचें बिल वाचावें, नगरसभेच्या बैठकीला मागें जाऊन बसावें, आणि घर पसंत करण्याआधीं त्याचा विमा कोणी उतरवितो कीं नाहीं हें विचारावें. कारण एका बड्या कंपनीनें २०२३ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील नव्या घरांचे विमे घेणें थांबविलें होतें. यांत मौज नाहीं हें खरें; पण म्हातारपणाची सोय पाहणें ही सहल आहे असें सांगितलें कोणीं?

महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. पर्यटनास आमची ना नाहीं. पण मुंबई-पुण्याचे जे गृहस्थ डिसेंबरांतलें कोंकण पाहून तेथें जमीन घेण्याच्या गोष्टी बोलतात, त्यांना आमची विनंति हीच कीं, मे महिन्यांत तेथल्या विहिरीचा तळ पाहावा, जुलैंत वीज गेल्यावर आठ दिवस तेथें राहावें, आणि रात्रीं अकरा वाजतां डॉक्टर कोठें मिळतो हें शेजारच्या घरीं विचारावें. तें शेजारचें घर दार उघडून उत्तर देतें कीं नाहीं, यावरूनच निम्मी परीक्षा होऊन जाईल.