साळिंदराचा राग खवले मांजरावर काढू नका



"साळिंदर समजून मारलं" ही सबब मी आता ऐकून घेणार नाही. काटा आणि खवला यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने रात्री बॅटरी-काठी घेऊन बांधावर जाऊच नये.

साळिंदर उंदराच्या जातीचं. कुरतडायचे दात, अंगावर काळे-पांढरे काटे. कंद, भुईमूग, नारळाची रोपं, काही सोडत नाही. त्याचा राग मला समजतो. पण खवले मांजराच्या तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जीभ वारुळात घालायची आणि मुंग्या, वाळवी, त्यांची अंडी गिळायची, एवढाच त्याचा धंदा. ते तुमच्या शेंगा फोडणार कशाने?

दुसरा घोळ शिकलेल्यांचा. मोबाईलवर खवले मांजराचा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, "मुंगीखाऊ, अमेरिकेतला प्राणी". अरे, अमेरिकेतला मुंगीखाऊ केसाळ असतो, खवले नसतात त्याला. त्याचा सोयरा स्लॉथ. आपलं खवले मांजर इथलंच, आणि नात्याने मांजर-कुत्र्यांच्या गटाला जवळचं. खाणं एक म्हणून जीभ सारखी झाली, तेवढ्याने भाऊबंद होत नाहीत. परदेशी ठरवलं की राखायची जबाबदारी झटकता येते, म्हणून हा घोळ मला जास्त खटकतो.

तिसरी बिचारी चिचुंद्री. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, उग्र वास. ती उंदीर नाहीच. किडे, अळ्या, झुरळं खाते. घरात आली तर खरकटंही खाईल, पण कणगीला भोक पाडणार नाही. तरी पिंजऱ्यात सापडली की उंदराबरोबर बादलीत बुडवतात.

"खवले मांजर बांध उकरतं त्याचं काय?" उकरतं, खरंय. चार पाट्या माती टाकली की बांध नीट होतो. मेलेलं जनावर परत येत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे एक मारलं तरी फार मोठं नुकसान.

"खवल्यांना कोटीचा भाव" सांगणाऱ्यांनाही एक विचारतो: खवला केराटिनचा, म्हणजे आपल्या नखाचाच पदार्थ. नखं कापून औषध म्हणून खाता का? 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते अनुसूची 1 मध्ये आहे. शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद. दलाल पळून जातो, अडकतो गावातला पोरगा.

कृषी सल्लागार मंडळींनाही सांगणं आहे. मित्रकीटक शिकवता, पक्षीथांबे लावायला सांगता, चांगलंच आहे. मग वाळवी खाणारं जनावर तुमच्या तक्त्यात का नाही? उंदीर नियंत्रण सांगताना "चिचुंद्री सोडून द्या" एवढी एक ओळ जोडायला काय जातं? एकटं खवले मांजर तुमची सगळी वाळवी संपवेल असा माझा दावा नाही. पण फुकट राबणारा गडी आपणच मारायचा आणि मग दुकानातून औषध उधार आणायचं, हा कुठला हिशोब?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या डुगवे गावाने 2020 साली खवले मांजरासाठी खवलोत्सव केला. आपल्याला उत्सव नाही जमला तरी चालेल. दिसलं तर हात लावू नका, कुत्री आवरा, जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा.

एवढं तरी जमेल ना?