पाकिटावरचे शिक्के

परवा नवेगाव बांधला काकांकडे गेलो होतो. संध्याकाळी तलावावर फेरी झाली, पण काका नेहमीसारखे बोलेनात. घरी आल्यावर हळूच म्हणाले, "मी उत्तर धाडलं होतं गा. पैसे खरंच नव्हते जवळ."

कसले पैसे? मग उलगडा झाला. माझ्या नावाने त्यांना ईमेल आली होती: दवाखान्यात आहे, पैसे पाठवा, फोन करू नका. काकांनी माफी मागून उत्तर लिहिलं. ते मला मिळालंच नाही, आणि मी गप्प का म्हणून ते महिनाभर कुढत राहिले.

म्हटलं, ती मेल मला फॉरवर्ड करा. आली, पण नुसता मजकूर. साध्या फॉरवर्डमध्ये पत्र नव्या पाकिटात जातं, जुनं पाकीट मागेच राहतं. मग काकांच्याच कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये ती मेल उघडली, तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' केलं. 'फ्रॉम'मध्ये माझाच पत्ता. 'रिप्लाय-टू'मध्ये भलताच! आणि एसपीएफसमोर 'फेल'. म्हणजे काकांची माफी गेली होती एका भामट्याकडे.

"काहून गा, वर तुझंच नाव होतं ना?"

काका, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही लिहावं. शिक्का मात्र पोस्टाचा. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जाते, तो 'रिसिव्ह्ड' अशी आपली ओळ वर चढवतो. म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या ओळी भामटा स्वतःही लिहू शकतो, पण आपल्या मेलसेवेने वर मारलेला शिक्का त्याला बदलता येत नाही.

आपण मोठ्यांना नुसतं सांगतो, "अनोळखी मेल उघडू नका." पण ही तर ओळखीच्याच नावाने आली होती! माझं मत विचाराल तर, घरातल्या एकाने तरी हेडर बघायला शिकावं. आणि मदत मागताना मेल फॉरवर्ड न करता 'डाउनलोड ओरिजिनल' करून ती फाईल जोडून पाठवावी, तीही विश्वासाच्या माणसालाच. मेलवरून कुणावर रुसण्याआधी एवढं बघायला काय हरकत आहे?

असो. हेडर काकांना कितपत कळलं, माहीत नाही. पण रात्री जेवताना ते पुन्हा नेहमीसारखे बोलत होते.