ॲव्हरेजचा फंडा

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात पार्किंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी लागतात. मॉडेल एकच, १२५ सीसी. रंगही एकच, काळा. घेतल्या त्याही एकाच महिन्यात. एक माझी, दुसरी टीममधल्या मित्राची. पण टपरीवर विषय निघाला की कॉलर माझी ताठ! कारण माझी लिटरला ५८ देते, त्याची जेमतेम ४४.

त्याचा फंडा सोपा. सिग्नल सुटला की पहिला नंबर आपलाच. पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक आणि मध्ये सगळा हाफ क्लचचा खेळ. मी एकदम उलट. गाडी सुटली रे सुटली की पटापट टॉप गिअर, आणि उतार दिसला की न्यूट्रल.

मागच्या महिन्यात दोघांनी एकाच दिवशी गाड्या सर्व्हिसिंगला टाकल्या. त्याचं बिल तर येणारच होतं. क्लच प्लेट जळालेल्या, चेन-स्प्रॉकेट गेलेलं, मागचा टायर गुळगुळीत. मी मनातल्या मनात हसत होतो. तेवढ्यात मेकॅनिक काका माझ्याकडे वळले. "साहेब, टॉप गिअरला तिशीच्या खाली गाडी ओढता ना? इंजिन ठोकतंय. आणि हे लायनर एवढे कसे संपले? घाटात न्यूट्रल मारता काय?"

मी गप्प. कारण त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

जेजुरीहून येत होतो. बायको मागे. दिवे घाट लागला आणि मी सवयीनं न्यूट्रल केली. चौथ्या वळणावर जळका वास यायला लागला. मागचा ब्रेक दाबतोय तर पायाखाली काही लागेचना. पुढे ट्रक. कसाबसा पुढचा ब्रेक बेताबेतानं दाबत, एकेक गिअर टाकत गाडी कडेला घेतली. बायको उतरली, हेल्मेट काढलं आणि एवढंच म्हणाली, "किती रुपयांचं पेट्रोल वाचलं?"

हिशेब केला. अख्ख्या घाटाचे दहा रुपयेही होत नव्हते. आणि खरं सांगायचं तर तेही नाहीत! बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की यातल्या बहुतेक गाड्या पेट्रोलचा फवारा बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. वर इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार लायनरवर, आणि लायनर तापले की त्यांची पकड संपली.

तेव्हापासून काकांचे चार नियम पाळतोय. तुम्हीही लिहून घ्या.

एक, ॲव्हरेज मीटरच्या अंदाजावर नाही, टाकीवर मोजा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर टिपून ठेवा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करा. २६० किलोमीटरला ५ लिटर गेलं तर ५२. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे आकडा थोडा उतरला तर लगेच मेकॅनिकला शिव्या घालू नका.

दोन, वेग. ताशी ५० वरून ८० वर गेलात की हवेचा विरोध जवळजवळ अडीचपट होतो. हायवेवर पेट्रोल तिथे जातं. पण म्हणून टॉप गिअरला रांगूही नका. इंजिन थरथरलं की एक गिअर खाली.

तीन, हवा आणि चेन. टायरची हवा आठवड्याला, टायर थंड असताना बघा. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून ऑइल लावा. दोन-तीन सेंटीमीटर ढिली हवीच. फार ताणली तर बेअरिंग खाते.

चार, इंजिन ऑइल. घरी कारचं उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतू नका. आपल्या बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं बघून घ्या.

मित्रानंही सिग्नलची रेस सोडली. आता त्याची गाडी ५० देते, माझी ५३. टपरीवर मिरवायला पूर्वीसारखी मजा नाही राव! पण परवा पुन्हा दिवे घाट उतरलो, तिसऱ्या गिअरमध्ये. बायको मागे बसून अख्खा घाट बडबडत होती.