अम्मींसाठी ठेवलेली बाई

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्या अम्मींना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी बजावले, चोवीस तास कुणीतरी जवळ हवे. घरात आम्ही दोघेही नोकरी करणारे, मुले शाळेत. एका ब्युरोला फोन केला, दुसऱ्याच दिवशी बाई हजर. आधारकार्डाची झेरॉक्स घेतली, महिन्याचे पैसे आगाऊ भरले आणि निर्धास्त झालो.

सतरा दिवसांनी, जुम्याच्या सकाळी, आपा माहेरी आल्या आणि त्यांनी स्वतः अम्मींना अंघोळ घालायला घेतली. माकडहाडाजवळ रुपयाएवढी जखम होती. बाई म्हणाली, "कूस बदलते की मी." दिवसा बदलत असेलही. रात्री ती झोपत होती. पण दिवसभर राबून रात्रभर जागायचे, हे एका माणसाला जमणारे तरी आहे का? हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, हेही आम्हांला जखम झाल्यावरच कळले.

ती जखम भरायला अडीच महिने गेले. त्या काळात जे शिकलो ते वाचकांना सांगावेसे वाटते.

ब्युरोवाले सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात. तिथेच पहिली फसगत होते. जीएनएम किंवा एएनएम झालेल्या नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच कसला? बाकीच्या असतात त्या काळजीवाहू मावश्या. अंघोळ, कपडे, भरवणे, डायपर बदलणे ही त्यांची कामे, आणि कित्येक जणी ती फार मायेने करतात. पण इन्सुलिनचे इंजेक्शन, नाकातली नळी, जखमेचे ड्रेसिंग यांसाठी शिकलेला हातच पाहिजे. आपल्याला नक्की कोण हवे, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. पोलीस पडताळणी झाली आहे का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, रात्रीचे काय, हे ब्युरोकडून कागदावर घ्यावे. तोंडी "होऊन जाईल" म्हणणाऱ्याला आम्ही आता नमस्कार करतो.

दुसरी मावशी आली तेव्हा आमच्याआधी तिनेच प्रश्न विचारले. अम्मींना पाणी पिताना ठसका लागतो का? कुठली बाजू लुळी आहे? गोळ्या कोण देते? झटक्यानंतर गिळण्याला त्रास होतो आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून ती अम्मींना नीट बसवूनच भरवायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ देत नसे. चांगली मावशी ओळखायची आमची खूण हीच: ती आधी विचारते.

उशाशी एक वही ठेवली. गोळ्या, खाणे, लघवी, कूस, सगळे वेळेसह त्यात लिहायचे. रात्री दोनदा उठायची पाळी मात्र आम्ही घरच्यांनी घेतली. आठवड्यातून एकदा घरातल्या बाईने अम्मींची टाचा, कंबर, खांदे उघडून पाहायचे. रुग्ण दिवसभर गुंगीत दिसू लागला तर डॉक्टरांना कळवून गोळ्या मोजाव्यात.

आपल्या घरांत परद्याचा प्रश्न असतोच. अम्मींना बाई आणि अब्बांना ब्रदर, हे ब्युरोला पहिल्याच फोनवर सांगावे. मागाहून सांगितले की ते "उद्या बघतो" म्हणतात. आमची मावशी मुसलमान नव्हती. तयम्मुमसाठी मातीची वीट कुठे ठेवायची आणि पलंग किब्ल्याकडे कसा वळवायचा, हे ती दोन दिवसांत शिकली. तिला दुपारी दोन तास झोप, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी ठरवून दिली. त्या दिवशी आपा येतात.

घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची हेळसांड होताना दिसली तर ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.