साठ हजार तासांचं काय झालं?

टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या कारभाऱ्यांनो,

तुमच्या टीव्हीच्या खोक्यावर सगळं ठळक छापलेलं असतं. किती इंच, किती पिक्सेल, किती कोटी रंग, आवाज किती वॅटचा. हे चित्र किती वर्षं असंच दिसेल, एवढं मात्र कुठंच नाही. का नाही? तुम्हाला माहीत नाही, असं तर नाही ना?

दुकानात मात्र सांगितलं होतं. तुमचं नाव छातीवर लावलेला तुमचाच माणूस तिथं उभा होता. मी सरळ विचारलं, किती टिकेल? ‘मॅडम, साठ हजार तास.’ रोज सहा तास धरले तरी 27 वर्षं होतात, हा हिशोबही त्यानंच मोबाइलवर करून दाखवला. त्या शब्दावर आम्ही हप्ते बांधून घेतले. दसऱ्याला टीव्ही घरी आला, भिंतीवर लागायच्या आधी सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

आता कळतंय की ते तास उजेड अर्ध्यावर येईपर्यंतचे होते. म्हणजे तुमचा शब्द अगदी खरा ठरला असता तरी निम्म्या वाटेवर चित्र फिकं झालेलंच असतं. आणि तेही चाचणीच्या टेबलावर, नेमक्या तापमानात ठेवलेल्या सुट्या एलईडीचे तास. सांगलीच्या मे महिन्यात, भिंतीला चिकटलेल्या बंद खोक्यात तापत बसलेल्या एलईडीचे नव्हेत. आकडा सांगितलात, मग त्याचा अर्थ का गिळलात?

पाचव्या वर्षी पांढऱ्या रंगावर निळसर झाक यायला लागली. तुम्हाला कारण सांगायला नको. पडद्यामागून उजेड देणारा तुमच्या बॅकलाइटचा एलईडी मुळात निळाच. त्यावर फॉस्फरचा पिवळसर लेप असतो, म्हणून उजेड पांढरा दिसतो. उष्णतेनं लेप खराब झाला की आतला निळा बाहेर येतो. सासूबाईंना यातलं काय ठाऊक? मालिकेतल्या बायकांचे चेहरे आजारी दिसतात, म्हणायच्या. मग म्हणायला लागल्या, माझेच डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तेच बिघडलं या धास्तीनं मिरजेला डॉक्टरांना दाखवून आल्या. डॉक्टर म्हणाले, आजी, डोळे ठणठणीत आहेत.

तुमच्या वस्तूचा दोष एका म्हाताऱ्या बाईनं कित्येक महिने स्वतःच्या अंगावर घेतला. याची भरपाई वॉरंटीच्या कुठल्या कलमात बसते?

पुढं पडद्यावर पांढरे ठिपके उमटले, गोल, टॉर्च मारल्यासारखे. एलईडीवर उजेड पसरवायला डिंकानं चिकटवलेली प्लास्टिकची भिंगं असतात, ती सुटून पडली होती. आणि एका संध्याकाळी बातम्या सुरू असताना पडदा काळा झाला. आवाज चालूच.

तुमचा टेक्निशियन आला. खोली अंधारी करून त्यानं टॉर्च पडद्याला टेकवली. तेवढ्या उजेडात निवेदिकेचा चेहरा दिसला, ओठ हलताना दिसले. चित्र होतं! पॅनेल धडधाकट होतं, फक्त मागचा उजेड गेला होता. हे त्यानंही पाहिलं, मीही पाहिलं. तरी कागदावर त्यानं लिहिलं, ‘पॅनेल खराब’. आणि सांगितलं, पॅनेलच्या पैशात नवाच येईल, एक्स्चेंजमध्ये बघा.

हे त्याचं लिहिणं की तुमचं शिकवणं? त्या पोराला मी दोष देत नाही. खाली मान घालून लिहीत होता.

मग आमच्याच पेठेतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं जमिनीवर गादी अंथरून टीव्ही पालथा घातला, मागचं झाकण काढलं, बोर्ड सोडवले. काच दोघांनी श्वास रोखून उचलली, एकेक पांढरा कागद बाजूला ठेवला आणि एलईडीच्या पट्ट्या उघड्या केल्या. एका पट्टीवरचा एकच एलईडी करपला होता. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ विझते, तशी तुमची जोडणी. एक गेला, सगळे गेले. सगळं घर पाहायचं तो टीव्ही त्या एका दाण्यानं आंधळा केला.

तुमच्याकडे पट्टी मागितली, तर ‘सुटी मिळत नाही’. मेकॅनिकनं पुण्यात तपकीर गल्लीत विचारून पाहिलं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला फोन लावले. आमच्या मॉडेलची पट्टी कुठंच नाही. शेवटी दुसऱ्या मापाची आणून, कापून, जोडून बसवली. चित्र आलं, पण डाव्या कोपऱ्यात अंधार राहिला तो राहिलाच. त्याच्या हातात कसब आहे, वस्तू नाही. वस्तू तुमच्याकडे होती.

तुम्ही म्हणाल, टीव्ही स्वस्त केले ते आम्हीच. केलेत, आणि त्याबद्दल कृतज्ञताही आहे. शेतमजुराच्या घरात मोठा पडदा आला, हे लहान काम नाही. पण स्वस्त कशानं केलेत? पट्टीवरचे एलईडी कमी केलेत, त्यांच्यावर रुंद भिंगं बसवलीत आणि उरलेल्यांतून जास्त करंट सोडलात. जिथं जाडी कमी करायची होती तिथं एलईडी कडेला सरकवलेत, सगळी उष्णता एका काठावर आणलीत. कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचणी संस्थेनं 2022 पासून 100 टीव्ही दिवसाचे बहुतेक तास चालवून पाहिले. त्यात कडेनं उजेड देणारे टीव्हीच जास्त रडले. आतले पत्रे वाकले, प्रकाश पसरवणाऱ्या पाट्या तडकल्या, एलईडी जळाले. बारीक टीव्ही मागितला कुणी होता? भिंतीवर टांगल्यावर त्याची जाडी पाहायला कोण जातं?

आणि झगझगाट? दुकानात दिपवण्यासाठी लावलेली भडक सेटिंग घरीही तशीच चालू राहिली. बॅकलाइट शंभरावर. तो थोडा उतरवला असता तर पट्ट्यांवरचा ताण कमी झाला असता, त्या जास्त टिकल्या असत्या. बसवायला आलेल्या तुमच्या माणसानं चॅनेल लावून दिले, चहा घेतला, सही घेतली. हे एक वाक्य त्याला का सांगायला लावलं नाहीत?

महाग घेतला असता तर टिकला असता, असंही सांगू नका. माझ्या भाच्यानं पुण्यात ओएलईडी घेतला, दुपटीहून जास्त मोजून. त्याच्या घरी बातम्यांचा चॅनेल दिवसभर चालतो. आता सिनेमा लावला तरी खाली त्या लाल पट्टीची सावली दिसते, वर कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह. ओएलईडीतला सेंद्रिय पदार्थ उजेड देता देता झिजतो, एकाच जागी सतत पेटला तर तिथं आधी झिजतो. हे तुम्हाला विकण्याआधीपासून ठाऊक होतं, कारण वॉरंटीच्या बारीक अक्षरांत तुम्ही ते आधीच वगळून ठेवलं होतंत. चॅनेलची पट्टी काय आम्ही लावतो?

आमच्या माहेरी जुना डब्यासारखा रंगीत टीव्ही होता. त्याचंही चित्र वयानुसार उतरायचं, खोटं कशाला बोलू? पण मेकॅनिक सायकलवरून यायचा, ओट्यावर बसून सोल्डरिंग करायचा, कपॅसिटर बदलायचा. फारच झालं तर पिक्चर ट्यूब बदलून मिळायची. तेव्हाच्या कंपन्या संत नव्हत्या. पण बिघडलेली वस्तू दुरुस्त होणार, हे त्यांनी आणि आम्ही दोघांनी गृहीत धरलेलं होतं. ते कधी मोडलंत? मोडताना आम्हाला विचारलंत?

24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. घरगुती टिकाऊ वस्तू त्यात धरल्या आहेत. तिकडं युरोपात 1 मार्च 2021 पासून नियमच आहे. पॉवर सप्लाय, कनेक्टर, कपॅसिटर असे टीव्हीचे सुटे भाग, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान 7 वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना द्यावेच लागतात. तुमचे टीव्ही तिथंही विकले जातात. तिथं कायद्यानं जमतं, मग इथं शब्दानं का जमू नये? आमचे हप्ते काय कमी पैशांचे होते?

मला नवा टीव्ही नको. एक्स्चेंजचे तुमचे मेसेज अजून येतात, ते थांबवा. खोक्यावर इंचांच्या शेजारी लिहा की रोज सहा तास लावला तर कितव्या वर्षी उजेड किती उरेल. बसवणाऱ्या माणसाला बॅकलाइट उतरवून द्यायला सांगा. टॉर्चमध्ये चित्र दिसत असेल तर कागदावर ‘पॅनेल खराब’ लिहू नका.

आणि आषाढीच्या आत आमच्या मॉडेलच्या पट्ट्यांचा संच द्या. पैसे भरून घेईन, फुकट मागत नाही. सासूबाई वारी टीव्हीवरच पाहतात. मॉडेलचा नंबर तुमच्याकडे तक्रारीत नोंदवलेला आहे.

आपली,
सांगलीची एक ग्राहक