किल्ली सगळ्यांच्या हाती

'किल सिस्टिम'. हे दोन शब्द टाइप केले की संगणक बंद. त्या क्षणी त्यावर जो जो काम करतो आहे, त्या प्रत्येकाचा बंद. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात 'आयटीएस' ही प्रणाली उभी राहिली, तिच्यात हा आदेश होता. तो द्यायला कोणाची परवानगी लागत नसे. टर्मिनलसमोर बसलेला कोणीही तो देऊ शके.

हा निष्काळजीपणा नव्हता. अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकातली फट शोधायची आणि तो पाडून दाखवायचा, यात तेव्हाच्या तरुण हॅकरांना मोठा पराक्रम वाटे. आयटीएस लिहिणारे स्वतः हॅकरच. ही खोड कुठून येते ते त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्या पराक्रमातला दमच काढून घेतला. जे कोणालाही जमते ते करून मिरवायचे काय? एखादा नवखा 'हे काय असेल' म्हणून तो आदेश कधीतरी देऊन बसे. एरवी त्याच्या वाटेला कोणी जात नसे. सुरुवातीला पासवर्ड नव्हते. एकमेकांच्या फायली उघड्या होत्या. दुसऱ्याच्या पडद्यावर काय चालले आहे तेही पाहता येई.

आयटीएसमधला 'आय' म्हणजे 'इनकम्पॅटिबल'. हा टोला एमआयटीतल्याच जुन्या 'कम्पॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम'ला होता. तिथे पासवर्ड होते. १९६२ साली अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला त्या यंत्रावर आठवड्याला चार तास मिळत. तेवढ्यात त्याचे काम भागेना. एका शुक्रवारी रात्री त्याने पंच कार्डावरून पासवर्डांची फाइल छापायला टाकली. शनिवारी सकाळी छापलेली यादी उचलली आणि दुसऱ्यांच्या नावावर आपले काम पुढे रेटले.

आयटीएसवरची माणसे थोडी आणि ओळखीची होती, बँकेचा कारभार असा उघडा ठेवता येणार नाही, हे मान्यच. पण शेर तरी कुठे बाहेरचा होता? त्याला कोणाची गुपिते नको होती, यंत्रावरचे जादा तास हवे होते. कुलपाने ते तास वाचले नाहीत. एका प्रामाणिक संशोधकाला मात्र चोरासारखे वागावे लागले. ज्या कुलपाने एवढेच साधते, त्याला सुरक्षा म्हणू नये.

पासवर्ड असलेल्या त्या जुन्या प्रणालीचे प्रमुख फर्नांडो कॉर्बाटो यांच्यापुढे शेर यांनी या यादीची कबुली दिली, ती सुमारे २५ वर्षांनी.