परताव्याची हमी

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आमच्या धाकट्या लेकीच्या हाती बँकेची एक जुनी डायरी लागली, 1990 सालची. (तेव्हा बँका डायऱ्या वाटत आणि आम्ही अधिकारी मंडळी त्या पुढची दहा वर्षं घरखर्चाच्या हिशेबाला वापरत असू.) डायरीत घडी घातलेली एक चिठ्ठी होती. लेकीनं ती मोठ्यानं वाचली. पुष्य नक्षत्रावर, सूर्योदयापूर्वी, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून. गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून. आंबट वर्ज्य, वांगं वर्ज्य. खाली तारीख सप्टेंबर 1990. लेकीचा जन्म मे 1991 चा, आणि ती हिशेब तपासनीस आहे. तिला वजाबाकी करायला वेळ लागला नाही.

"बाबा, हे माझ्यासाठी होतं का?"

मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या पात्रांच्या गळ्यात माझी कितीतरी पापं मारली. ही चिठ्ठी मात्र एकाच्याही गळ्यात मारता आली नव्हती.

त्या वर्षी मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. गावाचं नाव सांगत नाही. खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. तिथं एक गृहस्थ 'मुलग्याचं औषध' देत. दर पाचशे एक रुपये, आणि मुलगी झाली तर पैसे परत. दर सोमवारी ते रोकड भरायला येत, मधूनमधून परताव्यासाठी थोडी काढून नेत. चहा पिता पिता मी एकदा त्यांच्या धंद्याचं गणित मांडलं. निसर्गात शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्मतात. म्हणजे शंभर गिऱ्हाइकांत एक्कावन्न मुलगे, औषध द्या किंवा साखरपाणी द्या. एकोणपन्नास जणांचे पैसे इमानदारीनं परत केले, तरी गल्ल्यात पंचवीस हजार पाचशे एक्कावन्न रुपये राहतात. शिवाय सगळे मागायला येत नाहीत. कुणाला लाज वाटते, कुणाला वाटतं आपल्याच बायकोनं पथ्य मोडलं. एक पैसा बुडीत न जाणारा असा धंदा मी साऱ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. मनातून मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं होतं.

आणि हे गणित स्वतः मांडलेला मी, दोन महिन्यांनी त्याच्याच ओट्यावर पाचशे एक रुपये घेऊन बसलो होतो.

थोरली तीन वर्षांची होती. आई म्हणाली, "बघायला काय हरकत आहे? पैसे तर परत मिळणारच आहेत." या 'काय हरकत आहे'नं आपल्या घरांतून जेवढं करवून घेतलं आहे, तेवढं अंधश्रद्धेनंसुद्धा करवून घेतलं नसेल. माझा औषधावर विश्वास नव्हता. पण विश्वास नाही हे आईला सांगायचं, तर मला मुलगी चालेल हेही सांगावं लागलं असतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

हे सारं खेड्यातलं अडाणीपण म्हणून झटकून टाकता येत नाही. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हे मनुस्मृतीत आहे. पुंसवनाचा विधी चरकसंहितेत आहे. वडाचे कोंब, उडीद, दही, पुष्य नक्षत्र, सगळं सविस्तर. आमच्या चिठ्ठीतलं पुष्य नक्षत्र तिथूनच चालत आलेलं. तेव्हाच्या वैद्यांना रंगसूत्रं ठाऊक नव्हती, त्यांना दोष कसा द्यायचा? नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी पिठातल्या किड्यांवर काम करून वाय रंगसूत्राचा उलगडा केला तो 1905 साली. आईच्या बीजात एक्सच असतो, बापाकडून एक्स किंवा वाय येतो, आणि गर्भ धरतो त्या क्षणीच निकाल लागतो. दुसऱ्या महिन्यात दिलेलं औषध म्हणजे चेक वटल्यानंतर 'पेमेंट थांबवा' म्हणून आलेला अर्ज. आम्ही असे अर्ज हसून बाजूला ठेवत असू. तारखा आणि वेळा पाळण्याचा मार्गही 1995 साली निकालात निघाला. अमेरिकेत मूल हवं असलेल्या दोनशे एकवीस स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा संबंधाच्या दिवसाचा मुलगा-मुलगी होण्याशी काही संबंध दिसला नाही.

साखरपाणीच असतं तर एक वेळ हसून सोडलं असतं. पण हरियाणात गेल्या दशकात झालेल्या अभ्यासात अशी औषधं घेणं आणि मृत मूल जन्मणं किंवा बाळात व्यंग असणं यांचा संबंध आढळला आहे. नेमका दुसरा-तिसरा महिना, बाळाचे अवयव घडण्याचा काळ! सौ.नं तीन पहाटे ती करडी पूड घशाखाली घातली आणि तिन्ही वेळा ओकली. त्यात काय होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. शाखेत तारण तपासल्याशिवाय मी कुणाला पाच हजारांचं कर्ज दिलं नसतं.

कायद्याला हे सगळं कळतं. गर्भलिंग तपासणीवर 1988 साली पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, केंद्राचा आला 1994 साली. 2003 पासून त्यात गर्भधारणेआधीची निवडही आली. अशा निवडीची जाहिरात शास्त्रीय उपायाची असो वा अशास्त्रीय, दोन्ही गुन्हाच. तरीही हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली महाराष्ट्रात 1991 साली 946 होत्या, त्या 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 झाल्या. ही घट पुडीनं केली नाही, सोनोग्राफीच्या यंत्रानं केली, हे खरं. पण यंत्राच्या दारात उभ्या राहिलेल्या किती जणांनी आधी पुडी घेतली असेल? पहिल्या पुडीच्या वेळी घरात ठरून जातं की मुलगी म्हणजे फसलेला उपाय. पुढचा उपाय मग फक्त महाग असतो.

मे महिन्यात मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा सौ. भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "अहो, पथ्य सगळं पाळलं होतं हो मी." बाळ कसं आहे, हे तिनं नंतर सांगितलं. पैसे परत करण्याच्या त्या हमीत ही रक्कम कुठं धरलेली नसते.

हे सगळं मी लेकीला माळ्याच्या शिडीशी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली.

"मग? गेला होतात परतावा मागायला?"

"आजीनं पाठवलं होतं."

"मिळाले?"

"मिळाले. पाचशे एक. मोजून घेतले."

"म्हणजे मी तुम्हाला फुकटात पडले," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. स्वयंपाकघरात तिच्या आईनं चालू मिक्सर बंद केला होता, तो बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.